विमानतळावर बसून मासे खायचे तर: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या प्रवाशांसाठी

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, मासे मिळतील या आशेवर घरातनं उपाशी निघू नका. सांबऱ्याचं विमानतळ जुनं, १९४२ साली ब्रिटिशांच्या हवाई दलानं केलेलं. २०१७ मध्ये नवी इमारत झाली, पण ती आटोपशीर आहे. चहा-सँडविचवर वेळ मारून न्यायची तयारी ठेवा. सुरमईचं ताट समोर घेऊन बसायचं तर गोव्याचं मोपा किंवा दाबोळी, नाहीतर मुंबई-बेंगळुरूसारखं मोठं विमानतळ लागतं. आपल्या भागातली बरीच मंडळी हल्ली मोपाहून उडतात, त्यामुळं उदाहरणं तिथलीच घेतो. रीत सगळीकडं तीच.

विमानतळावरच्या हॉटेलांची नावं मुद्दाम देत नाही. तिथली जागा कंत्राटानं दिलेली असते, कंत्राट बदललं की पाटी बदलते. आत गेल्यावर ‘सीफूड’ किंवा ‘कोस्टल’ लिहिलेली आणि टेबल-खुर्च्या मांडून मेनू कार्ड देणारी जागा शोधायची. काउंटरवर ट्रे घेऊन उभं राहायचं ठिकाण वेगळं. तिथं मिळतो तो ‘फिश बर्गर’ किंवा ‘फिश फिंगर’, आणि त्यातला मासा बहुतेक वेळा बासा असतो. बासा हा मूळचा व्हिएतनामकडचा गोड्या पाण्यातला मासा. पांढरा, मऊ, बिनकाट्याचा आणि बिनचवीचा. पोट भरतं, पण मासे खाल्ले असं वाटत नाही.

घड्याळ मागं मोजत या

तिकिटावरची वेळ ही विमान हलायची वेळ असते. आपल्या कामाची वेळ म्हणजे गेट बंद व्हायची, आणि ती देशांतर्गत विमानाला साधारण २५ मिनिटं आधीची असते. बॅग द्यायची असेल तर तो काउंटर त्याच्याही बराच आधी, बहुतेक कंपन्यांचा तासभर आधी, बंद होतो. बोर्डिंग पासवर गेटची वेळ छापलेली असते. जेवायला बसताना तो पास पाकिटात न ठेवता टेबलावर समोर ठेवा.

समजा विमान ४:१० चं आहे. गेट ३:४५ ला बंद. मोठ्या विमानतळावर गेटपर्यंत चालायला दहा-पंधरा मिनिटं सहज जातात, वाटेत हात धुणं, बाथरूम आलंच. म्हणजे टेबलावरनं ३:१५ ला उठायचं. बिल ३ वाजता मागायचं, कारण कार्डाचं मशीन दुसऱ्या टेबलावर अडकलेलं असतं आणि विमानतळावर सगळ्यांना एकदमच घाई असते. ऑर्डर २:१५ ला गेली पाहिजे, आणि सुरक्षा तपासणी त्याच्या आधी आटपलेली पाहिजे. मग मोपाच्या दारात दीडला, आणि बेळगावातनं सकाळी दहाला निघायचं. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत गोव्यातल्या साखळीला उतरा नाहीतर आंबोलीनं सावंतवाडीकडं जा, तीन तास धरा. पावसाळ्यात घाटात धुकं आणि खड्डे दोन्ही असतात, तेव्हा चार धरा.

ही वजाबाकी करून मधे पाऊण तास उरत नसेल तर बसून जेवायचा विचार सोडा. पाव-आमलेट खा आणि गेटवर जा. पाऊण तास असेल तर मासा मागवा, पण कुठला मागवायचा ते भूक बघून नाही, घड्याळ बघून ठरवायचं. या लेखातली मुख्य गोष्ट ती हीच, बाकीचं सगळं तिच्याभोवतीचं.

तपासणी आधी, ताट नंतर

आपल्याकडं एक माणूस दुबईला निघाला की त्याला सोडायला गाडीभर माणसं येतात. आई, आक्का, मामा, शेजारचा एक, आणि झोप न झालेली दोन पोरं. या सगळ्यांना तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत. दारात तिकीट आणि ओळखपत्र बघूनच पाठवतात. त्यामुळं सगळ्यांनी मिळून विमानतळात जेवू हा बेत मुळातच चुकीचा. सगळ्यांचं जेवण वाटेत उरका, साखळी-डिचोलीकडं नाहीतर सावंतवाडी-बांद्याकडं. तिथं मासे जास्त चांगले आणि निम्म्या पैशात मिळतात. हे लिहिल्यावर तुम्ही विचाराल, मग विमानतळावर खायचंच कशाला? गाडी पहाटेची असते, वाटेतली हॉटेलं उघडलेली नसतात, किंवा विमान दोन तास उशिरा असतं, म्हणून. हौस हेही कारण आहेच, त्यात लाजायचं काही नाही.

एकटेच असाल तर तपासणीच्या अलीकडं कधीच बसू नका. बाहेरच्या बाजूला एखादं चांगलं हॉटेल दिसलं तरी नको. तपासणीची रांग किती लांब असेल हे ताटावर बसून कळत नाही, आणि मनात ती रांग असली की पापलेट गोड लागत नाही. परदेशी जाणाऱ्यांनी तर इमिग्रेशनही उरकून मगच मेनू हातात घ्यावा. त्यांना तीन तास आधी यायला सांगतात, तेव्हा बसायला वेळ त्यांच्याकडंच जास्त असतो.

मेनू कार्डावरची नावं

वेटर बहुतेक ओडिशा, झारखंड, नाहीतर ईशान्येकडचा पोरगा असतो. त्याला ‘मुडदुशी आहे का’ विचारून उपयोग नाही. हिंदीत बोला आणि कार्डावरच्या नावावर बोट ठेवा. किंगफिश म्हणजे आपली सुरमई, गोव्यात तिलाच इसवण म्हणतात. मॅकरेल म्हणजे बांगडा, लेडी फिश म्हणजे मुडदुशी, स्क्विड म्हणजे माणकी, क्लॅम्स म्हणजे तिसऱ्या, मसल्स म्हणजे शिणाणे. सी बास लिहिलं असेल तर तो चणक असायची शक्यता असते, विचारून घ्या. स्नॅपर म्हणजे तांबोशी. कारवारकडच्या वाचकांना हे सांगणं म्हणजे आगाऊपणा, त्यांनी पुढच्या परिच्छेदावर जावं.

करायच्या पद्धती दोन-तीनच लक्षात ठेवल्या तरी पुरे. रवा फ्राय म्हणजे रव्यात घोळून तळलेलं, हे आपल्याला घरचंच. रेशाद म्हणजे लाल मिरची आणि व्हिनेगरचं वाटण माशाच्या पोटात भरून भाजलेलं. चव झकास, पण तिखट आणि आंबट दोन्ही, त्यामुळं ज्यांना घाटात मळमळतं त्यांनी विमानाआधी जपून. आंबटतीक हे नावातच कळतं. काल्दीन म्हणजे नारळाच्या रसाची हळदीच्या रंगाची पातळ, सौम्य कढी. पोरांना आणि वयस्करांना भातावर हीच घाला. बटर गार्लिक सगळीकडं मिळतं आणि सगळीकडं सारखंच लागतं.

आता कार्डावरचं सगळ्यात महागडं अक्षर. काही माशांपुढं आकडा नसतो, ‘एपीएस’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे किंमत माशाच्या आकारावर. पापलेट, खेकडा, शेवंड (लॉबस्टर), मोठी कोळंबी यांच्यापुढं हे हमखास असतं. तिथं न लाजता विचारायचं: ‘आज जो पीस है उसका कितना रुपया होगा?’ वजन सांगून मोकळा होऊ लागला तर पुन्हा विचारा, रुपयात. वजन कच्च्या माशाचं असतं, ताटात येतं त्याचं नाही. आकडा ऐकून नको वाटलं तर नको म्हणा, तो पोरगा रोज पन्नास वेळा नको ऐकतो.

घड्याळ बघून मासा

तळलेली सुरमई हा विमानतळावरचा सगळ्यात शहाणा मासा. बारा-पंधरा मिनिटांत येते, काटे कमी आणि दिसणारे. तुकडी ताटात आली की नीट बघा. मधोमध मणक्याचा गोल काटा असतो आणि त्याच्याभोवती मांसाच्या चार पाकळ्या. चमच्याच्या कडेनं एकेक पाकळी सोडवली की काटा तसाच उरतो. पोटाकडची तुकडी घोड्याच्या नालासारखी उघडी असते. तिच्या दोन्ही पायांत बरगडीचे बारीक काटे असतात, ते चुकून तोंडात जातात. शेपटीकडची तुकडी लहान आणि पूर्ण गोल, तिला बरगडी नसते. पोरासाठी मागवत असाल तर वेटरला शेपटीकडचीच द्यायला सांगा. स्वयंपाकघराला त्यानं काही फरक पडत नाही.

बांगडा स्वस्त आणि चवीला सुरमईच्या वरचढ, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. पण त्याला हात लागतो. काट्या-चमच्यानं बांगडा खाणारा माणूस मी अजून सुखी पाहिलेला नाही. पाठीच्या रेषेवर बोट दाबून वरची बाजू शेपटीकडनं डोक्याकडं उचलली की अख्खा कणा उघडा पडतो, तो शेपटीला धरून वर ओढला की खालची बाजूही मोकळी होते. वीस मिनिटं निवांत असतील तरच हा बेत. हातानं खायला विमानतळावर कुणी हसत नाही, हसलं तर हसू दे.

कालवण-भात, म्हणजे गोव्याचं हुमण-शीत, हे सगळ्यात लवकर येतं कारण रस तयार असतो. वेळ कमी आणि भूक जास्त असेल तर थाळीच घ्या. थाळीत सोलकढी असते. ती ताटात आल्या आल्या प्या. नारळाचा रस बाहेर फार वेळ राहिला की बिघडतो. आधी वास घ्या, आंबूस वास कोकमाचा वाटला तर ठीक, नारळाचा वाटला तर बाजूला सारा.

तंदुरी पापलेटला पंचवीस मिनिटं धरा. खेकड्याला त्याहून जास्त, आणि तो फोडायला आणखी तेवढीच. कुर्ल्या खायच्या त्या घरी, वर्तमानपत्र पसरून, बनियनवर. विमानाआधी पांढऱ्या शर्टात खेकडा फोडणं हा धाडसाचा प्रकार आहे. तिसऱ्या आणि शिणाणे उघडलेले असतील तेच खा. शिजूनही मिटलेला शिंपला ताटाच्या कडेला ठेवायचा, हट्टानं उघडायचा नाही. कच्ची कालवं, म्हणजे ऑयस्टर, लिंबू पिळून देणारी ठिकाणं परदेशी विमानतळांवर भेटतात. चवीला छान असतील, पण पुढचे आठ तास मधल्या सीटवर काढायचे असताना कच्चं काही नको.

ताजं किती, ते महिन्यावर

१ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, गोव्यालाही आणि कारवारलाही. हा माशांच्या अंडी घालण्याचा काळ. त्या दिवसांत कार्डावर ‘फ्रेश किंगफिश’ लिहिलेलं असलं तर ती बर्फातली असते, किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरची. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, म्हणजे जूनच्या मध्यानंतर तिकडचा मासा इकडं येऊ शकतो. नीट गोठवलेला मासा वाईट नसतो, फक्त ताज्याच्या भावानं घेऊ नये. या दोन महिन्यांत तळ्यात वाढवलेली कोळंबी हा बरा पर्याय, तिला बंदीशी देणंघेणं नाही.

पुढं श्रावण येतोच, तेव्हा आपल्यातल्या निम्म्यांचा प्रश्न आपोआप मिटतो. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणाऱ्यांनी तिकीट काढतानाच वार बघावा. सोबत न खाणारं कुणी असेल तर शाकाहारी भजी-कटलेट त्याच कढईत तळतात का, हे आधी विचारून घ्या. तसं असेल तर त्यांच्यासाठी डाळ-भात मागवणं बरं.

पोटाची काळजी

बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) हे एकाच गोतातले मासे. पकडल्यानंतर ते थंडाव्यात राहिले नाहीत तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि एकदा झालं की तळून, उकळून, गोठवून जात नाही. असा मासा दिसायला आणि वासाला ठीक असू शकतो. जिभेला मिरी चावल्यासारखी चुरचुर लागते. मग काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगाला खाज सुटते. पहिल्या घासाला चुरचुर जाणवली तर मसाल्यावर ढकलू नका, ताट परत पाठवा. त्रास सुरू झाला तर विमानात चढायच्या आधी सांगा. विमानतळावर वैद्यकीय मदत असते, कुठल्याही कर्मचाऱ्याला विचारलं की तिथं नेतात. श्वास घ्यायला अडचण वाटली तर क्षणभरही थांबू नका. शिंपले-कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर सगळेच मासे एका तेलात तळतात हे गृहीत धरावं. लाउंजमध्ये बँकेच्या कार्डावर फुकट मिळणाऱ्या बुफेत माशाचं भांडं असतं, पण ते किती वेळ तिथं कोमट उभं आहे ते कळत नाही. तिथं मी डाळ-भाताकडं वळतो.

काटा घशात अडकला तर कोरडा भात किंवा केळं गिळायचा आपला घरगुती उपाय करू नका, त्यानं काटा आणखी आत रुतू शकतो. तीच वैद्यकीय मदत गाठा.

विमानातल्या हवेचा दाब साधारण ६ ते ८ हजार फुटांवर असतो तेवढा ठेवलेला असतो, म्हणजे महाबळेश्वराहूनही उंच ठिकाणचा. त्या उंचीवर पोटातला वायू पसरतो. म्हणून माशाबरोबर सोडा, बिअर आणि वर तळलेले कांदे हा बेत विमानाआधी नको. पाणी मात्र भरपूर प्या, आतली हवा कोरडी असते आणि माशाला मीठ असतं. दोन पेगनंतर झुलत गेटवर गेलेल्या माणसाला कंपनी चढू देत नाही, हेही इथंच सांगून ठेवतो. गोव्यात असलो म्हणून काय झालं.

बिल

बाहेरच्या दुप्पट धरून चला. जागेचं भाडं आणि विक्रीतला हिस्सा विमानतळाला जातो, तो तुमच्या बांगड्यातनंच निघतो. बिल आलं की तीन ओळी बघा. पहिली, एपीएसचा आकडा तुम्हाला सांगितलेलाच आहे का. दुसरी, कर: साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, अडीच-अडीच असे दोन भाग करून छापलेला. हजाराच्या जेवणाला पन्नास. तिसरी ओळ सर्व्हिस चार्जची. ही ओळ कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला सांगितलं की हॉटेलनं हा आकार परस्पर बिलात लावू नये, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. तेव्हा शांतपणे ‘ये हटा दीजिए’ म्हणायचं. बहुतेक वेळा लगेच काढतात. नाहीच काढला तर बिलाचा फोटो घ्या आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नंतर तक्रार करा, विमान सोडून भांडू नका. पोरानं चांगली सेवा केली असेल तर त्याच्या हातात वेगळे पैसे द्या.

बाटलीबंद पाण्यावर छापील किमतीपेक्षा जास्त लावलं म्हणून चिडू नका. बसून जेवायच्या हॉटेलला तशी मुभा असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्येच म्हटलं आहे. बाटली न उघडता परत करा आणि साधं पाणी मागा, नाहीतर रिकामी बाटली बाहेरच्या नळावर भरून आणा. विमानतळावर पिण्याच्या पाण्याची सोय असते.

उठताना

हात लिंबानं धुवा. बोटांना लागलेला रेशादचा वास साबणानं एका धुण्यात जात नाही, आणि शेजारच्या सीटवरच्या शाकाहारी काकूंचा त्यात काही दोष नाही. उरलेला मासा पार्सल बांधून विमानात नेऊ नका. बंद डब्यातनंही वास सुटतो, आणि उन्हापावसात चार तास फिरलेला मासा उतरल्यावर कुणी खाऊही नये. घरच्यांना काही न्यायचंच असेल तर बेळगावातनं निघतानाच कुंद्याचा डबा बॅगेत टाका.

उठायच्या आधी एकदा बोर्ड बघा. गेट नंबर जेवता जेवता बदललेला असतो, आणि बऱ्याच विमानतळांवर आता प्रत्येक विमानाची घोषणा लाउडस्पीकरवर होत नाही.